रिकाम्याने उतरावं

कोलशेत, ठाणे
मंगळवार, १६ नोव्हेंबर १९९३

श्री. विश्राम यास,

'चि.' लिहिणार होते. पण पन्नाशी उलटल्यावर गिअरच्या सायकलीवरून चिंचोळ्या बांधावर धावणाऱ्या माणसाला चिरंजीव होण्याची फारशी हौस नसावी. म्हणून नुसतं श्री. आशीर्वाद मात्र नेहमीचे.

माझी प्रकृती ठीक आहे. काल भाऊबीज झाली. हेमाचा शेजारच्यांकडे फोन आला होता, तुला कंपनीत जादा पाळी आहे म्हणून. भाऊबीजेच्या दिवशी डोंबिवलीच्या मानपाड्यातल्या रंगाच्या कारखान्यात केमिस्टवाचून अडतं, हे मला नव्याने कळलं. हेमाला खोटं बोलता येत नाही, बायकोला असली कामं सांगत जाऊ नकोस. करंज्या मी आमच्या फिरायच्या मंडळात वाटून टाकल्या. विमलाबाईंना त्या जरा कडक लागल्या. त्यांचे दात तसे नाहीतच.

आता कामाचं.

रविवारी, ७ तारखेला, खाडीच्या बांधावर जो प्रकार झाला त्याबद्दल आमच्या प्रभात मंडळाने वॉर्ड ऑफिसला निवेदन दिलं आहे. तुला नोटीस येईल. ती येण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. निवेदनात असं लिहिलं आहे की, बेल न वाजवता भरवेगाने आलेल्या सायकलस्वारामुळे मासळीची पाटी घेऊन चाललेली आवडाबाई ही स्थानिक महिला घाबरून बांधावरून खाली पडली व जबर जखमी झाली. सबब कोळीवाड्यापासून बंदरापर्यंतचा बांध सायकलींना बंद करावा. अक्षर माझं आहे. मी अध्यक्ष, तेव्हा सहीही माझीच.

तुला काही म्हणायचं असेल तर नोटिशीपासून पंधरा दिवसांत लेखी म्हणता येईल. तोंडी सांगायला माझ्याकडे येऊ नकोस.

हे सगळं तूच ओढवून घेतलंस. डोंगरासाठी केलेली सायकल घ्यायची आणि मानपाड्याहून शिळफाट्यामार्गे इतक्या लांब येऊन ती चालवायची कुठे, तर मिठागराच्या सपाट बांधावर. त्या बांधाची रुंदी तुला माहीत आहे. एका अंगाला खाडीचा चिखल आणि तिवरं, दुसऱ्या अंगाला मिठागर, मध्ये दोन माणसं अंग चोरून एकमेकांना ओलांडतील एवढी जागा. तिथे तुमचं डोंबिवलीचं टोळकं रविवारी सकाळी घंटा बडवत यायचं आणि आम्ही साठीच्या बायकांनी कोंबड्यांसारखं उडून बाजूला व्हायचं. वर तू त्या साप्ताहिकात पत्र छापून आणलंस: 'पाय सहज बाजूला होतात, चाक होत नाही, म्हणून बेल ऐकताच पादचाऱ्याने वाट सोडणे हाच शिष्टाचार.' मी पुढच्या अंकात उत्तर दिलं: 'चाकाला ब्रेक असतो आणि चाकावर बसलेल्यालाही पाय असतात. त्याने उतरावे.' लोकांना मजा वाटली. माझं आडनाव सासरचं, त्यामुळे ही भावाबहिणीची जुंपली आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझं ते मत आजही तसंच आहे.

सातव्या तारखेला तू तिथे होतास आणि मीही होते. तेव्हा इथे सगळं परत लिहीत बसत नाही. निवेदनात सगळंच लिहिता येत नाही. जमीन मोजणीच्या कचेरीत मी एकतीस वर्षं काढली. निवेदन थोडक्यात असावं लागतं हे तू मला शिकवू नकोस.

आवडाबाईचा उजवा हात आणि खांदा दुखावला आहे असं ऐकते. सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं म्हणे. मी अजून गेलेले नाही. दिवाळीत कामं असतात.

मी माझ्या जागी उभी होते. उभं राहण्याला कायद्यात गुन्हा म्हणत नाहीत.

हेमाला आशीर्वाद. तिने पाठवलेला चकलीचा सोऱ्या मला फार जड पडतो, पण तिला तसं सांगू नकोस.

सुमाताई

---

कोलशेत, ठाणे
शनिवार, १५ जानेवारी १९९४

चि. विश्राम यास,

अनेक आशीर्वाद. तिळगूळ वेगळा पाठवत नाही. या पत्रात गोड काही नाही, तेव्हा उगाच विसंगती नको.

थंडी बरी आहे. विमलाबाईंनी फिरणं सोडलं, गुडघे म्हणतात. बाकीचे फिरतात. मीही बांधावर रोज जाते, पण आता मंडळाबरोबर नाही. का ते पुढे येईल. मला हे पत्र एका दमात लिहायचं आहे, मध्ये चहा करायला उठले तर परत बसेन याची खात्री नाही.

आमचं निवेदन मंजूर झालं. नाताळाच्या आठवड्यात कोळीवाड्याच्या बाजूला बांधाच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब आणि त्यांत आडवा दांडा बसला, कमरेइतक्या उंचीचा. कडेला फट ठेवली आहे, माणूस तिरका होऊन जाईल एवढी. वर पाटी: सायकलींना मनाई. पहिल्या दिवशी मंडळाने तिथे नारळ फोडला. फोडला मीच.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर गेले. बंदराकडून कोळणी येत होत्या. भरतीवर होड्या लागतात, मग या बायका कोळंबी, निवटे, चिंबोऱ्या पाटीत भरून डोक्यावर घेऊन निघतात आणि कोळीवाड्याच्या नाक्यावरून ठाण्याचा बाजार गाठतात. दांड्यापाशी आल्या की एकेकीला थांबावं लागत होतं. डोक्यावर पाटी घेऊन तिरकं होता येत नाही. पाटी उतरवायची म्हणजे दुसरीने हात लावायचा, मग ती पलीकडे द्यायची, मग परत डोक्यावर चढवायची. पाणी अंगावर गळत होतं. जनाबाई म्हणून एक आहे, तिने माझ्याकडे पाहून नुसतं नाक पुसलं.

त्यांच्यामागून आवडाबाईचा मुलगा नाथा आला. पस्तिशीचा बाप्या, दोन पोरांचा बाप. आई पाटी उचलू शकत नाही म्हणून घरच्या होडीची मासळी तो सायकलच्या कॅरिअरला दोन्हीकडे पाट्या बांधून आणतो. आमच्या दांड्याने त्याला बंदरावरच परत पाठवलं. तिकडून गाड्यांच्या रस्त्याने मोठा वळसा आहे. तो बाजारात पोचेपर्यंत गिऱ्हाईक पांगलेलं असतं आणि मासळीचे डोळे पांढरे पडलेले असतात. जाताना तो मला म्हणाला, "बाय, तुमच्या भावाची सायकल डोंबिवलीला ग्येली. अडकली ती माझीच."

मी विचारलं, माझा भाऊ म्हणून तुला कोणी सांगितलं? तो म्हणाला, त्यांनीच. तीनदा येऊन गेले घरी.

विश्राम, तू माझ्या आधी तिथे जाऊन आलास. माझ्या दारापासून तिचं घर दहा मिनिटांवर आहे आणि मला तिथे पोचायला जवळजवळ दोन महिने लागले. त्या दिवशी संध्याकाळी गेले.

आवडाबाई ओट्यावर बसून डाव्या हाताने जवळा निवडत होती. प्लास्टर निघालं आहे, पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टरांनी सांगितलं आहे की डोक्यावर ओझं आता कायमचं बंद. मला बघून उठली नाही. "रिकामी चालनारी आली गो," असं आत सुनेला सांगितलं. आम्हाला त्या वाड्यात हेच नाव आहे. मला बसायला पाट दिला आणि विचारलं की इतकी वर्षं विचारायचं राहिलं होतं, तुम्ही रोज सकाळी जाता कुठे आणि येता कुठे, हातात काही नाही, डोक्यावर काही नाही. मी म्हटलं, प्रकृतीसाठी. ती इतकी हसली की खांदा धरून बसली.

मग तिने मला त्यांची रीत सांगितली. बांधावर ज्याच्या डोक्यावर भार, त्याने उतरायचं नाही. रिकाम्याने उतरायचं, तेही मिठागराच्या अंगाला, कारण खाडीकडचा चिखल माणूस गिळतो. दोघांच्या डोक्यावर भार असेल तर बंदराकडून येणाऱ्याला वाट. त्याची मासळी ताजी आणि वेळ थोडा. सासूने सुनेसाठी उतरायचं, पाटलाने कोळणीसाठी उतरायचं. लग्न होऊन आल्यापासून ती त्या बांधावर चालते आहे आणि कोणी पडल्याचं तिला आठवत नाही.

एकतीस वर्षं मी वहिवाटीचे तंटे लिहून काढले. कोणाची बैलगाडी कोणाच्या शेतातून, कोणाचं पाणी कोणाच्या बांधावरून. दर प्रकरणात पहिला प्रश्न एकच असायचा: या वाटेने आजवर कोण जातं? आणि आमच्या मंडळाची नियमावली मी स्वतः लिहिली तेव्हा त्यात दोनच पक्ष होते, चालणारे आम्ही आणि सायकलवाले तुम्ही. त्या बायका रोज आमच्या शेजारून जात होत्या, आमच्या दुप्पट वेगाने, आणि त्या चालणाऱ्या आहेत हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मी तिला विचारलं, मग तू का उतरलीस? तुझ्या तर डोक्यावर भार होता.

ती म्हणाली, "तुमी दोगंव वाट सोरत नवतं. कोनी तरी सोराला पायजे."

आता ते लिहिते.

तू बेल वाजवलीस. पहिल्यांदा लांबून, मग मिठागरात खाडीचं पाणी घ्यायच्या उघाडीच्या अलीकडून, मग अगदी जवळ आल्यावर. मला तिन्ही वेळा ऐकू आली. तू आहेस हेही मला पहिल्या बेलेपासून दिसत होतं, तुझे दोन्ही मित्र मागे राहिले होते आणि उजेड चांगला होता. मला मिठागराच्या अंगाला एक पाऊल खाली टाकायचं होतं, बस. तिथे माती टणक आहे. मी टाकलं नाही. तू छापून आणलेलं ते वाक्य माझ्या डोक्यात होतं, आणि मला वाटलं, आज हा उतरतो का नाही बघूच. तुझा वेगही भरवेग नव्हता. तू ब्रेक दाबलास, पाय टेकलास आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबलास. सायकल तिला लागली नाही. मलाही नाही.

मग आपण भांडलो. तू म्हणालास, ताई, बाजूला हो. मी म्हटलं, उतर. तू म्हणालास, मी थांबलोय ना, आता तू हो. उघाडीच्या तोंडावर, जिथे बांध सगळ्यात अरुंद, तिथे साठीची बहीण आणि बावन्न वर्षांचा भाऊ शिष्टाचारावर भांडत उभे. माझ्या पाठीमागे आवडाबाई येऊन थांबली होती. "वाट द्या गो बाय," असं ती दोनदा म्हणाली. मी ऐकलं. एक मिनिट थांब, असं मी हाताने खूण करून सांगितलं, मागे न वळता. तुलाही ती समोर दिसत होती. तिच्या डोक्यावर पाटी होती, बाजाराची वेळ टळत होती, आणि आपल्याला मुद्दा सोडवत नव्हता. ती उघाडीच्या दगडांवरून खाली उतरून आपल्याला वळसा घालायला गेली. दगडांना शेवाळ होतं.

घाबरून नाही पडली. ती कंटाळून उतरली.

हे निवेदनात न लिहिता मी जे लिहिलं, ते मी शांतपणे लिहिलं. रागाच्या भरात नाही. घरी येऊन, हात धुऊन, लायनीचा कागद घेऊन. मंडळातले बाकीचे खूप मागे होते, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. त्यांनी मी सांगितलं ते खरं मानलं. मला वाटलं होतं, तू पंधरा दिवसांत हरकत घेशील. तू चिडून चार पानं लिहिशील, मग मी आठ लिहीन, आणि त्या गदारोळात खरं आपोआप वर येईल, मला सांगावं लागणार नाही.

मागच्या सोमवारी मी वॉर्ड ऑफिसात जाऊन फाईल पाहिली. तुझं उत्तर एका ओळीचं आहे. 'निवेदनातील मजकूर मान्य.' खाली तुझी सही.

विश्राम, हे मी तुला माफ करणार नाही. तू मला खोटी ठरवायला नको म्हणून गप्प बसलास हे मला कळलं. हेमा परवा फोनवर रडली. तू सायकल माळ्यावर टाकलीस, सायकलवाल्यांचं मंडळ सोडलंस आणि मित्रांत तुझं नाव बाई पाडणारा असं झालं आहे, हे तिने सांगितलं. तुला वाटलं असेल की तू मोठेपणा केलास. बांधावर जे करायचं होतं ते केलं नाहीस, आणि जिथे खंबीर उभं राहायचं होतं तिथे बाजूला झालास. मीही तसंच केलं, उलट बाजूने. लहानपणीही मी काही फोडलं की तू पुढे होऊन मार खायचास, आणि मला त्याचा तेव्हाही संताप यायचा. मी तुझ्याकडे कधी मागितलं होतं? ही मेहेरबानी मला नको. परत घे.

मंगळवारी मी मंडळाची बैठक बोलावली. निवेदन मागे घेऊ आणि दांडा काढायला सांगू, असं मांडलं. कारण सांगितलं, आत्ता तुला लिहिलं तेच, यापेक्षा थोडक्यात. मग अण्णा, आमचे खजिनदार, अगदी सौम्यपणे म्हणाले की सुमतीबाई, बांध आता शांत झाला आहे, सकाळी मोकळं वाटतं, झालं ते झालं. तुम्ही स्वतःहून खोटं निवेदन दिलं म्हणून सांगायला गेलात तर तुमच्याच नावावर शेरा बसेल, आणि वर्षभरात सगळे विसरतील. मी विचारलं, आवडाबाईही? त्यांनी चष्मा पुसला. मतं घेतली. माझ्या बाजूने एक पडलं, ते माझं. मला अध्यक्षपद सोडायला सांगितलं. मी म्हटलं, सोडणार नाही, तुम्हाला काढायचं तर काढा, पण कारण कागदावर लिहून काढा. अजून त्यांचं कारणाचं वाक्य जुळतं आहे.

तेव्हा मी माझ्या एकटीच्या नावाने अर्ज दिला आहे. त्याची सुनावणी गुरुवारी, २० तारखेला, अकरा वाजता वॉर्ड ऑफिसात आहे. अर्जात सगळं लिहिलं आहे, बेलेसकट. मागणीही लिहिली आहे: दांडा काढावा, आणि त्या जागी पाटी लावायचीच तर अशी लावावी की बांधावर पहिली वाट भाराची, मग तो डोक्यावर असो की कॅरिअरला. मग पायी चालणाऱ्याची. सर्वांत शेवटी हौसेने सायकल चालवणाऱ्याची, आणि त्याने पायी माणूस दिसताच उतरावं. हो, ते कलम मी ठेवलं आहे. माझी चूक झाली याचा अर्थ तुझं म्हणणं बरोबर होतं असा होत नाही.

आवडाबाईला मी सुनावणीला चल म्हटलं. ती म्हणाली, मी उतरले ते मला माहीत आहे, ते सांगायला मी कशाला येऊ, ज्यांनी लिहिलं त्यांनी खोडावं. बरोबर आहे. मी तिची क्षमा मागितली तेव्हा तिने ऐकून घेतलं, आणि जवळ्याची टोपली माझ्याकडे सरकवली. अर्धा तास मी निवडत होते. क्षमा केली असं काही ती म्हणाली नाही, आणि मीही परत विचारलं नाही.

तोवर रोज पहाटे मी दांड्यापाशी उभी राहते. कोळणी आल्या की पाट्या उतरवून पलीकडे द्यायला हात लावते. पहिल्या दिवशी जनाबाईने पाटी माझ्या हातात द्यायला नकार दिला; काल तिने न बोलता दिली आणि पाटी तिरकी धरली म्हणून मला झापलं. आमचं मंडळ शेजारून जातं. अण्णा नमस्कार करतात, बाकीचे खाडीकडे बघतात. माझ्या लुगड्यांना वास लागला आहे तो जात नाही. घरात दुसरं कोणी नाही, त्यामुळे कोणाची तक्रारही नाही. गुरुवारी निकाल विरुद्ध गेला तर शुक्रवारीही मी तिथेच असेन, आणि त्यानंतरही. मला हटवायचं तर दांड्याबरोबर हटवावं लागेल.

आता तुझं. तुझ्या सहीचं ते एका ओळीचं उत्तर फाईलमध्ये आहे तोवर माझा अर्ज लंगडा आहे. साहेब मला विचारतील, ज्याच्यावर आरोप तो मान्य म्हणतो आणि तुम्ही नाही म्हणता, मग खरं कोणाचं? म्हणून तुला यायला हवं. माझ्यावर उपकार म्हणून नाही. नाथाला त्या वाटेने सायकल न्यायची आहे म्हणून, आणि ती तुझ्या सहीनेही अडली आहे म्हणून. येऊन माझ्या बाजूने बोलू नकोस, माझ्याविरुद्धही बोलू नकोस. झालं तेवढं बोल, तुझ्या वाट्याच्या हट्टासकट. तुझा अर्धा दोष तू उचल. माझ्या अर्ध्याला हात लावायचा नाही.

नाही आलास तर मी दोघांचं बोलेन, आणि तुझ्या वाट्याचं बोलताना आवाज खाली आणणार नाही.

उशीर करू नकोस. सरकारी अकरा म्हणजे कधी कधी अकराच असतात.

तुला न विचारता तुझ्या नावावर खोटं लिहिणारी, आणि ते स्वतःच्या हाताने खोडायला निघालेली तुझी थोरली बहीण,

सुमती